शेरा देण्याआधी

माझी नात संगणकशास्त्रात संशोधन करते. तिचा एक विषय समजून घ्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तो माझ्या भाषेत मांडतो.

पाव भाजायचा आहे. आच, वेळ, पाणी, यीस्ट.. प्रत्येकाचे प्रमाण बदलता येते, पण प्रत्येक प्रयोगाला एक घाणा खर्ची पडतो. मग झालेल्या थोड्या प्रयोगांवरून न केलेल्यांचा अंदाज बांधायचा आणि पुढचा प्रयोग कुठे करावा हे ठरवायचे. याला म्हणतात बेझियन ऑप्टिमायझेशन. अंदाजाचे साधे सूत्र असे, की जवळजवळच्या प्रमाणांचे निकालही सारखे असतात.

बदलण्याजोग्या गोष्टी, म्हणजे मिती, वाढल्या की हे साधे सूत्र कोलमडते असा समज होता. पीटर फ्रेझियर यांनी २०१८ साली लिहिले, की ही पद्धत २० पेक्षा कमी मितींत उत्तम चालते. म्हणून गुंतागुंतीच्या पद्धती निघाल्या. कोणी मिती दाबून कमी केल्या, कोणी शोध छोट्या परिसरापुरता ठेवला, कोणी मोजक्याच मिती महत्त्वाच्या मानल्या.

२०२४ साली ह्वार्फनर, हेलस्टेन आणि नार्दी यांनी दाखवले, की साधी पद्धत पुरते! फक्त 'जवळ' म्हणजे किती, हे गृहीत बदलायचे. प्रत्येक मिती ० ते १ धरली, तर ६ मितींत कोणत्याही दोन बिंदूंतले अंतर सरासरी १ च्या आसपास असते, ६०० मितींत १० च्या आसपास. जुन्याच मापाने पाहिले तर सगळेच परके ठरतात आणि एका प्रयोगावरून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. मितींच्या वर्गमुळाच्या पटीत माप वाढवले, तेव्हा साधी पद्धत अनेक प्रचलित चाचण्यांत गुंतागुंतीच्या पद्धतींपेक्षा सरस ठरली.

"पण प्रश्न खरोखरच वेडावाकडा असेल तर?" मी विचारले. नात म्हणाली, "आजोबा, मग दोनशे प्रयोगांत तो कुणालाच सुटणार नाही. सुटण्यासारखा आहे असे धरूनच सुरुवात करावी लागते."

हे वाक्य मला शिक्षक म्हणून भिडले. पाचवीत विषय वाढले की काही मुलांच्या प्रगतिपुस्तकावर 'झेपत नाही' असा शेरा येई. साध्या पद्धतीलाही तोच शेरा मिळाला होता. मोजपट्टी मात्र बरीच वर्षे फारशी कुणी तपासली नाही.