हातकणंगलेपर्यंत

मिरज जंक्शनच्या पार्सल कार्यालयात कारकुनाने सशाची वेताची टोपली दोनदा तोलली. असा जीव प्रवासी डब्यात नव्हे, गार्डच्या डब्यात जातो. दाणापाणी मालकानेच पाहायचे. नियम योग्यच असेल, परंतु तेथे ससा आणि सायकल यांत फारसा भेद उरत नाही. दुकान चार दिवस बंद, घरी कोणी नाही. नातीच्या हट्टापुढे नमून आजोबा त्याला कुंभोजगिरीच्या यात्रेला घेऊन निघाले होते.

सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो कानांवाटे सोडतो. म्हणून पहाटेची पॅसेंजर निवडली. कृष्णेचा पूल आला तरी नातीचे लक्ष मागच्या डब्याकडेच. जयसिंगपूरला आजोबा दुखऱ्या गुडघ्यांनी फलाटावरून लगबगीने गेले. ससा आक्रसून बसला होता. वाळल्या गवताला तोंड लावलेले नव्हते. बारा तास उपाशी राहिलेला ससा दगावू शकतो, असे पशुवैद्याने बजावले होते.

वाटेत नातीने मेघकुमाराची कथा मागितली. पूर्वभवी तो हत्ती. वणव्यात पायाखाली आलेल्या सशासाठी त्याने अडीच दिवस पाय उचलून धरला.

“आजोबा, त्या सशाला भूक नव्हती का लागली?”

आजोबा गप्प राहिले.

हातकणंगल्याहून रिक्षाने बाहुबलीची 28 फुटी संगमरवरी मूर्ती गाठली. दर्शन झाले, दिवस कलला. भोजनशाळेची घंटा झाली. चौविहाराची वेळ टळत आली तरी आजोबा धर्मशाळेच्या ओसरीत टोपलीपाशीच बसून होते. सूर्य टेकता टेकता आतून बारीक कुरकुर ऐकू आली. गवताची एक काडी हलत होती.

भोजनशाळेचे दार तोवर बंद झाले होते.