म्यानमारच्या जलरंगातला श्रामणेर

घाटंजीकडच्या बौद्ध घरांत ब्रह्मदेशाची ओळख एका वृद्ध भिक्खूपासून सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे आराकानचे, तेव्हा ऐंशीच्या घरातले. त्यामुळे आजच्या ब्रह्मी जलरंगांत पुन्हापुन्हा भेटणारा आठ-नऊ वर्षांचा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, आपल्या नजरेला आधी जरा हलका वाटतो. गर्द तांबूस चीवर, हातात पात्र आणि चेहऱ्यावर सगळे पोरपण. मला मात्र तो गंभीरपणे पाहण्याजोगा वाटतो, आणि त्याचे कारण माध्यमातच आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, राखावा लागतो. मुंडन केलेल्या डोक्यावरची चमक म्हणजे कुंचल्याने न शिवलेला कागद. चीवराचा रंग ओल्या कागदावर पसरतो, त्याची कड कुठे थांबेल हे पुरते चित्रकाराच्या हाती नसते. त्या मुलाचे भिक्खूपणही असेच अजून ठरायचे असते. ‘शिनब्यू’ सोहळ्यात मुलाला राजपुत्रासारखे सजवतात, मग केस उतरवून चीवर देतात. कुणी आठवड्यात घरी परततो, कुणी विहारातच वाढतो. आपल्याकडच्या श्रामणेर शिबिरांतही मुले थोड्या दिवसांसाठीच चीवर घेतात. तैलरंगात हेच वस्त्र थरावर थर चढवून जड, कायमचे करता येते. पातळ रंगात ते नुकतेच अंगावर आलेले दिसते, आतले पोर झाकत नाही.

हा पर्यटकांना विकायचा गोडवा आहे, असे कुणी म्हणेल. पुष्कळ चित्रे तशी आहेतच, ती सोडून द्यावीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २००७ मध्ये भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, सत्ताधाऱ्यांचे दान नाकारून त्यांनी पात्रे पालथी केली. पुढे त्याच चीवरातल्या काहींनी मुसलमानांविरुद्ध द्वेषही पेटवला. अशा देशाचे भिक्खूपण निरागस पोरात दाखवणे ही लपवाछपवी ठरत नाही का? ठरते, जर चित्रकाराने त्या मुलाला निरागसतेची मूर्ती केले तर. पण चांगल्या चित्रातला मुलगा पेंगुळलेला असतो, अंगाला मोठे होणारे चीवर सावरत असतो. त्याला कदाचित गरिबीने विहारशाळेत आणलेले असते. दुपारनंतर न जेवण्याचा नियम त्यालाही लागू असतो. ती भूक ज्या चित्रकाराला दिसली, त्याचे चित्र आपल्या विहाराच्या भिंतीवर खुशाल लावावे.