न दुखणारा धोका

मूत्रवाहिनीत खडा अडकला किंवा कर्करोगाच्या गाठीने ती दाबली गेली, म्हणजे लघवी मूत्रपिंडात तुंबते. अशा वेळी पाठीतून थेट मूत्रपिंडात बारीक नळी बसवून लघवी बाहेरच्या पिशवीत उतरवतात. या उपायास ‘नेफ्रोस्टॉमी’ म्हणतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक विलार्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ही पद्धत वैद्यकजगतापुढे मांडली.

प्रकृती सावरली की रुग्ण नळीसह घरी येतो, दुकानाच्या गादीवरही बसू लागतो. नळी टाक्याने आणि पट्टीने धरलेली असते. तरीही लोडाला टेकताना, झोपेत कूस बदलताना किंवा पिशवी कशात अडकून ती ओढली जाते आणि निसटते. पुष्कळदा फारसे दुखत नाही. थोडे रक्त, थोडी ओल, एवढेच दिसते. मग घरातील वडीलधारे म्हणतात, “आता रात्र झाली, सकाळी पाहू.” खरा धोका या वाक्यात आहे.

नळी निघताच तिची वाट मिटू लागते. नळी नुकतीच बसवलेली असेल तर काही तासांतच. वेळेवर पोहोचल्यास त्याच वाटेने नवी नळी घालता येण्याची आशा असते. उशीर झाल्यास पाठीत पुन्हा सुई टोचून नवी वाट करावी लागते. दरम्यान आतील अडथळा तसाच असतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले, की थंडी वाजून ताप भरतो आणि संसर्ग रक्तात पसरल्यास जीवावर बेतते. एकच मूत्रपिंड काम करीत असेल, तर संकट दुप्पट.

निसटलेली नळी घरी परत आत ढकलू नये. जागेवर स्वच्छ, कोरडी पट्टी लावावी, निघालेली नळी सोबत घ्यावी आणि तत्काळ निघावे. नळी जागेवर दिसत असूनही पिशवीत लघवी उतरणे थांबले, तरीही डॉक्टरांना लगेच कळवावे.

वाशीम, कारंजा किंवा रिसोड येथील कुटुंबांना या उपचारासाठी बहुधा अकोला, अमरावती वा नागपूर गाठावे लागते. म्हणून रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, उपचाराचे कागद, नळी बदलण्याची तारीख आणि रात्री येणाऱ्या वाहनचालकाचे नाव आधीच एका जागी लिहून ठेवावे. व्यापाऱ्याला मुदतीचे मोल सांगावे लागत नाही. हुंडीची मुदत टळली तर व्याज भरून सुटता येते. येथे तशी सवलत नाही.