दुभाष्या

दोन माणसांची भाषा एक नसली की मध्ये तिसरा माणूस लागतो. त्याला आपण दुभाष्या म्हणतो. या बिचाऱ्याचे नशीब मोठे चमत्कारिक असते. बोलणी जमली तर त्याची आठवण कोणी काढत नाही, आणि फिसकटली तर सगळे आधी त्याचीच शेंडी धरतात. आमच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे राहिले. एवढ्या काळात येथल्या कोळ्याआगऱ्यांचे म्हणणे त्यांच्या कानी आणि त्यांचे हुकूम आमच्या कानी घालणारे किती दुभाषी होऊन गेले असतील! वसई घेणारे चिमाजी अप्पा आपल्याला ठाऊक असतात. पण किल्ला सोडण्याची कलमे ठरली तेव्हा मध्ये बसून या भाषेतले त्या भाषेत कोणी केले, हे विचारण्याची कोणाला कधी गरज वाटत नाही.

यंत्रांच्या राज्यातही असाच एक दुभाष्या असतो. त्याला इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ म्हणतात. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण आपापल्या बोलीत बोलते, आणि संगणकाचा कारभार पाहणारी जी मुख्य प्रणाली, तिला ती बोली समजत नाही. दोघांच्या मध्ये उभा राहून इकडचे तिकडे सांगणारी जी लहानशी आज्ञावली, ती म्हणजे ड्रायव्हर. या प्राण्याशी माझी गाठ पडली ती २००३ सालच्या मार्च महिन्यात, डोंगरीला.

डोंगरी म्हटले की मुंबईकराला तुरुंग आठवतो. आगरकरांनी आपल्या तिथल्या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहून ठेवले आहे. पण ती डोंगरी निराळी. आमची डोंगरी भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर आहे. स्टेशनातून बस सुटते ती मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे घेत, मिठागरांच्या कडेकडेने आमच्याकडे येते. उजेडी बसलात तर वाटेत मिठाचे पांढरे ढीग दिसतात आणि रात्री बसलात तर नुसता वास येतो. तुरुंग येथे नाही. मात्र त्या मार्चमध्ये शाळा सुटली की मी एका टेबलाशी असा जखडलेला असे, की आगरकरांच्या शीर्षकावर थोडासा हक्क मीही सांगू शकलो असतो. फक्त माझे दिवस दहाच भरले.

झाले होते असे. माझ्या भाच्याने परदेशातून येताना आपल्या कचेरीने मोडीत काढलेला एक लॅपटॉप मला आणून दिला. कचेरीने देण्यापूर्वी तो आतून धुऊनपुसून स्वच्छ केला होता. म्हणजे यंत्र होते, पण त्यात विंडोज नव्हते. ते विकत घ्यायचे तर काही हजार रुपये मोजावे लागत, आणि शाळामास्तराच्या हिशेबाच्या वहीत तेवढी कोरी जागा कधीच नसते. त्या काळात ‘पीसीक्वेस्ट’ नावाच्या इंग्रजी मासिकाबरोबर अधूनमधून लिनक्सच्या तबकड्या मिळत. मासिकाची किंमत द्यायची, प्रणाली फुकट. ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी, कोणी पकडत नाही. मी तबकड्या घातल्या. पडदा उजळला, कळफलक बोलू लागला. मला वाटले, गंगेत घोडे न्हाले.

घोडे न्हाले खरे, पण पलीकडच्या काठाला लागेना. मोडेम चालत नव्हता.

आजच्या तरुण वाचकाला मोडेम म्हणजे काय हे सांगायला हवे. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. साधारण तीनशेपासून चौतीसशे हर्ट्झपर्यंतचे स्वर तेवढे तिच्यातून धड जातात. संगणकाला तर शून्य आणि एक याखेरीज काही बोलता येत नाही. तेव्हा त्या शून्य-एकांचे स्वर करून तारेत सोडायचे आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे काम मोडेम करी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे बहुतेक घरांत ते या स्वरांच्या वाटेनेच आले. पहिल्याने फोन लावल्याचे टुणटुण, मग घंटी, मग पलीकडून एक लांबलचक शीळ, आणि त्यानंतर दोन मांजरे पत्र्यावर भांडावीत तसा खरखराट. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो जन्मभर विसरता यायचा नाही.

जुना मोडेम ही स्वतंत्र पेटी असे आणि तिचे डोके तिच्याच आत असे. तिला ‘एटीडीटी’ अशी चार अक्षरे आणि पुढे फोनचा क्रमांक दिला की पुढचे सगळे ती निस्तरी. लॅपटॉप आले तेव्हा कारखानदारांनी विचार केला : संगणकाला डोके आहेच, मग मोडेमला निराळे कशाला? त्यांनी मोडेमचे डोके काढून घेतले. आत राहिली एक नखाएवढी पट्टी आणि फोनची वायर खोचायचे भोक. विचार करण्याचे सगळे काम ड्रायव्हरवर आले, आणि तो ड्रायव्हर त्यांनी फक्त विंडोजसाठी लिहिला. त्याची बोली कोणती, व्याकरण काय, हे कोणाला सांगायचे नाही, कारण पट्टीतली सगळी विद्या त्या आज्ञावलीतच होती. लिनक्सला ‘तुझ्या पोटात काय काय बसवले आहे?’ असे विचारण्याची एक आज्ञा आहे. ती दिली की यादीत मोडेमच्या जागी नुसते ‘दळणवळणाचे काहीतरी साधन’ अशा अर्थाचे शब्द उमटत. घरात पाहुणा आहे, त्याची जात कळते, पण तोंडातून ब्र काढीत नाही, असा प्रकार.

एरवी मी हा नाद सोडून दिला असता. पण २० मार्चला इराकवर युद्ध सुरू झाले, आणि माझ्या शेजारच्या मावशींचा एकुलता एक मुलगा कुवेतला होता.

मावशी रोज सकाळी प्रार्थनेहून परतताना माझ्या दाराशी थांबत. उपवासकाळ चालू होता. त्या विचारीत, “मास्तर, तुमच्या त्या पेटीत माझ्या पोराचं पत्र उतरेल का?” मी सांगे, “मावशी, पेटी तयार आहे. फक्त ड्रायव्हर मिळत नाही.” यावर त्यांनी पहिल्या दिवशी गंभीरपणे सांगितले, “मग आमच्या भावाला बोलावू का? टेम्पो चालवतो. माणूस भरवशाचा आहे.”

तुम्ही म्हणाल, भाईंदरला सायबर कॅफे नव्हते का? होते, आणि मी रोज जातही होतो. पण कुवेतचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास. मुलगा काम संपवून, तिथल्या कचेरीतला संगणक मोकळा झाला की रात्री पत्र लिही. तोवर इकडे दहा वाजत. कॅफेची फळी खाली आलेली आणि गावाकडे येणाऱ्या बसची खात्री नाही. म्हणजे आजची खुशाली उद्या संध्याकाळी कळायची. शांततेच्या दिवसांत एवढ्याने काही बिघडत नाही. युद्धाच्या दिवसांत आई त्या मधल्या वीस तासांत किती वेळा मरते, ते मी भिंतीपलीकडून ऐकत होतो.

ड्रायव्हर कॅफेत शोधायचा, फ्लॉपीवर घ्यायचा आणि बसने घरी आणायचा, असा माझा क्रम सुरू झाला. यातली गंमत पाहा. इंटरनेट घरी यायला ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर मिळायला इंटरनेट हवे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण रचणाऱ्याने लिनक्स पाहिले नव्हते एवढेच.

जगात माझ्यासारखे पुष्कळ निघाले. कोणाचा लॅपटॉप या देशातला, कोणाचा त्या देशातला, मुका मोडेम मात्र सगळ्यांच्या घरी. त्यांतल्या काही हुशार मंडळींनी निरनिराळ्या पट्ट्यांची ओळख पटवण्याच्या युक्त्या काढल्या होत्या. माझ्या पट्टीपुरती एक सोय होती. बनवणाऱ्या कंपनीने मूळ विद्या कुलूपबंद ठेवून तिचा एक गोळा दिला होता आणि त्याच्याभोवती या मंडळींनी उघड्या आज्ञांचे वेष्टन विणले होते. हे सगळे एका फ्लॉपीत मावले.

घरी आणून घातले, तर लिनक्सने सांगितले की हा दुभाष्या दुसऱ्या आवृत्तीसाठी घडवला आहे. लिनक्सच्या गाभ्याला आवृत्तीचे आकडे असतात. दोन्हींकडचे आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. एका आकड्याचा फरक असला तरी पत्रिका परत. तेव्हा गाभ्याचा मूळ मजकूर मासिकाच्या तबकड्यांतून काढायचा आणि त्याच्या मापाने ड्रायव्हर घरीच शिवायचा. ‘मेक’ ही आज्ञा दिली की पडद्यावर ओळी धावू लागत. त्या थांबेपर्यंत चहा करून, पिऊन, कपबशी धुऊन होई. नवव्या दिवशी, २८ तारखेला, यंत्राने प्रथमच कबूल केले की माझ्या पोटात मोडेम आहे.

२९ मार्च, शनिवार. पहाटे कुवेत शहरात समुद्रकाठच्या एका बाजारपेठेजवळ क्षेपणास्त्र पडले. दूरदर्शनवर दिवसभर तेच. मावशींनी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. संध्याकाळी मी भाईंदरला जाऊन आलो. पत्र नव्हते. रात्री साडेनऊला त्या माझ्या घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या. हातात जपमाळ होती. काही विचारले नाही.

मी क्रमांक दिला. पडद्यावर अक्षरे आली : ‘नो डायलटोन’. रिसीव्हर उचलून कानाला लावला, डायलटोन खणखणीत होता. पुन्हा दिला. पुन्हा तेच. माणसाला ऐकू येते ते यंत्राला का ऐकू येऊ नये? मग कॅफेतून उतरवून आणलेल्या कागदांत एक ओळ सापडली. अमेरिकेतला डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, त्यात २५ हर्ट्झचे कंपन मिसळलेले. माझ्या मोडेमचे कान अमेरिकेत घडलेले. आमच्या तारेतला षड्ज त्याला षड्जच वाटत नव्हता! त्यावर उपाय चार अक्षरांचा होता : ‘एटीएक्स३’. म्हणजे, बाबा रे, तू डायलटोनची वाट पाहू नकोस, सरळ क्रमांक फिरव.

मी ते लिहिले आणि कळ दाबली. टुणटुण झाले. घंटी वाजली. शीळ आली. मग ती दोन मांजरे भांडू लागली आणि मावशी दचकून म्हणाल्या, “काय मोडलं काय?” मी म्हटले, “मोडलं नाही मावशी, बोलतायत.” खरखर थांबली. पडद्यावर वेगाचा आकडा आला, सेकंदाला ३१,२०० बिट. सव्वादहा वाजले होते.

पत्र आलेले होते. रोमन लिपीत, आमच्याकडच्या बोलीत, पाच ओळींचे. मी सुखरूप आहे, बाजार आमच्या छावणीपासून लांब आहे, फोन लागत नाहीत, रडू नको, इस्टरला पैसे पाठवतो. मी ते दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवून शेवटची ओळ, जिथे त्याचे नाव होते, तेवढी स्वतः वाचली.

पुढे मला कळले की ड्रायव्हरने माणसाला असे छळणे काही नवे नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. १९८० च्या सुमारास तिथे छपाईचे एक नवे यंत्र आले. त्यात कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी अशी सुधारणा केली होती की कागद अडकला की सगळ्यांना वर्दी जाई. नव्याची मूळ आज्ञावली दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे होती. ती मागितली तर तो म्हणाला, ‘न देण्याचे मी वचन दिले आहे.’ हा नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला. १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहिला, आणि तोच आमच्या डोंगरीच्या टेबलापर्यंत आला. आपण पैसे देऊन, किंवा भाच्याच्या कृपेने, वस्तू घरी आणतो. पण तिची बोली दुसऱ्याच्या तिजोरीत असेल, तर त्या वस्तूचे आपण मालक नसतो, नुसते राखणदार असतो.

आता डोंगरीत तारेवरचे ते इंटरनेट कोणाकडे नाही. मावशी मुलाशी हातातल्या फोनवर तोंड पाहून बोलतात. त्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, हे त्यांना मी सांगितलेले नाही. आतल्या पुष्कळ दुभाष्यांच्या तोंडाला अजून कुलूप आहे, हेही नाही.

लॅपटॉप माळ्यावर आहे. ती फ्लॉपी मात्र मी कपाटात जपून ठेवली आहे. तिच्यात ड्रायव्हरबरोबर एक साधी मजकुराची फाइल होती. वेष्टन कोणी विणले, चूक कोणी शोधली, कोणत्या लॅपटॉपवर कोणी चालवून पाहिले, त्यांची नावे तिच्यात ओळीने लिहिली होती. त्यांना डोंगरी कुठे आहे ठाऊक नव्हते आणि मावशींना त्या नावांचा उच्चार करता आला नसता. त्या रात्री मावशी घरी गेल्यावर मी ती सगळी नावे एकदा मोठ्याने वाचली.