भित्र्या मांजराला घरी ठेवून गावी जाताना

मांजर माणसाला धरून राहत नाही, घराला धरून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. दाराला, ट्रंकेला, आपल्या पायाला मांजर गाल घासते, तेव्हा ते आपला वास तिथे लावून ठेवते. त्या वासात त्याला निर्धास्त वाटते. म्हणून घरची माणसे बाहेरगावी गेली, तर मांजराला दुसऱ्याच्या घरी नेऊन सोडण्यापेक्षा कुणीतरी येऊन त्याच्याच घरी खाऊ घालणे चांगले. पण परका माणूस दिसताच जे मांजर लपून बसते, त्याचे काय करायचे?

पुतणीच्या लग्नाला लातूरकडे आठ दिवस जायचे ठरले, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. कुर्ल्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. चिंगी आम्हाला रस्त्यावर सापडली तेव्हा चार महिन्यांची असेल. पिल्ले साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाला सरावतात. त्या वयात प्रेमाचा हात लाभला नाही, तर परक्याची भीती जन्मभर राहू शकते. चिंगी आम्हा चौघांना ओळखते. पाचवा माणूस दारात आला की ती माळ्यावर!

नातेवाईक म्हणाले, "मांजरच ते! दार उघडे टाका, उंदीर खाऊन जगेल." पण घाबरलेले मांजर एकदा बाहेर पळाले की ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. आणि दुधाची वाटी ठेवून कुलूप लावावे, तर उन्हाळ्यात दूध नासणार. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

शेजारच्या मावशी धुण्याभांड्याची कामे करून संध्याकाळी सहाला घरी येतात. त्यांनी जबाबदारी घेतली. निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून त्या रोज सहा वाजता येऊन उंबऱ्याजवळ भाजी निवडत बसू लागल्या. चिंगीकडे बघायचे नाही, बोलवायचे नाही, एवढीच अट. टक लावून पाहिले की मांजराला ती धमकी वाटते. पुढे उकडलेल्या मासळीचा काटे काढलेला, बिनमिठाचा तुकडा त्या बशीत ठेवून दूर सरकू लागल्या. नवव्या दिवशी चिंगी माळ्यावरून उतरली. बाराव्या दिवशी मावशी खोलीत असताना तिने बशीत तोंड घातले.

निघताना पलंगाखाली पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवले. त्यात मुलीचा न धुतलेला फ्रॉक अंथरला. पाण्याची दोन भांडी, वाळूचे घमेले आणि खिडक्यांना जाळी. मावशींनी आत येताच आधी दार लावायचे, मग बाकीचे काम. कागदावर लिहून भिंतीला चिकटवले : ओढून बाहेर काढू नये. माणसाची तापाची गोळी देऊ नये, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावे. त्याखाली परळच्या बाई साकरबाई पेटिट जनावरांच्या इस्पितळाचे नाव लिहिले.

पहिल्या रात्री मावशींचा फोन आला, बशी तशीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच. इकडे हळदीची गडबड आणि आमची मुलगी जेवेना. दोन दिवस पोटात काही गेले नाही, तर मांजराच्या यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराला तर हा धोका अधिक. तेव्हा ठरवले, उद्या सकाळपर्यंत खाल्ले नाही तर मावशींच्या मुलाने तिला परळला न्यायचे.

त्या संध्याकाळी मावशींनी बशी खोक्याच्या तोंडाशी ठेवली. दिवा मंद केला आणि चिंगीकडे पाठ करून अर्धा तास बसल्या. दिवसभरात कोणत्या घरी काय झाले, ते हळू आवाजात सांगत राहिल्या. सकाळी बशी चाटून पुसून स्वच्छ होती आणि वाळू ओली. मुलीने त्या दिवशी दोन वेळा वाढून घेतले.

आठही दिवस चिंगीने मावशींना अंगाला हात लावू दिला नाही. मावशींनीही तो हट्ट धरला नाही. भित्र्या जिवाला सोबत हवी असते ती एवढीच : ठरलेल्या वेळी येणारी, ओळखीची, जबरदस्ती न करणारी. आम्ही परतल्यावर तिने बराच वेळ आमच्या पिशव्या हुंगल्या. तोवर तिला कुणी उचलले नाही.

सुट्टीत गावी जाणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे : तिकीट काढाल त्याच आठवड्यात शेजाऱ्याशी बोला. निघण्याच्या दिवशी किल्ली हातात देऊन हे काम होत नाही. आणि मावशी लेकीच्या बाळंतपणाला जातील तेव्हा त्यांचे पाणी भरणे आणि तुळशीला पाणी घालणे आमच्याकडे लागले आहे, हे वेगळे सांगायला नको.