हरणी

कारवानी कुत्र्याची सगळी ताकद मागच्या पायांत असते. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. जत-आटपाडीच्या माळावर मेंढरांच्या मागून ही कुत्री संथ चालत असतात, तेव्हा त्यांच्या वेगाचा अंदाज येत नाही. कुठं काही हललं आणि ती सुटली, की मग कळतं. सीमेपलीकडे याच कुत्र्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला तिची जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. आमची हरणी त्या जातीची.

जतकडच्या एका धनगरवाड्यातून ती सांगलीला आमच्या घरी आली. तिच्या आईचे मालक, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, पिल्लू माझ्या ओट्यात देताना म्हणाले, "वहिनी, हिला कोंडू नका. पळाय मिळालं की घरात गप पडती." पुढं मी हरणीबद्दल जे काही शिकले, त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली.

हातभर पिल्लू गुडघ्यावर पुढचे पाय टेकून उभं राहतं तेव्हा सगळ्या घराला कौतुक वाटतं. कारवानी भराभर उंच होते. वर्षाच्या आत हरणीचे पंजे माझ्या खांद्याला लागायला लागले. कुणी फाटक उघडलं की ती ओसरीतून झेप घ्यायची आणि माणसाच्या तोंडाशी तोंड न्यायची. पोरांचे शाळेचे पांढरे शर्ट मातीच्या पंजांनी भरायचे, दूधवाल्याची किटली कलंडायची. एवढ्यावर निभावलं असतं. पण घरात आमच्या आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर त्या वॉकर घेऊन शहाबादी फरशीवरून पाऊल पाऊल चालायच्या. हरणी उठली की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण वॉकरवरची बोटं पांढरी पडलेली मला दिसायची.

उपाय सांगायला सगळी गल्ली तयार होती. छातीत गुडघा मार, मागच्या पायाच्या बोटांवर पाय दे, वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर हाण. यातलं मी काहीच होऊ दिलं नाही, आणि आजही होऊ देणार नाही. या कुत्र्याची कातडी पातळ असते आणि स्वभाव त्याहून हळवा. एकदा मार बसला की ते माणसाच्या हाताला भ्यायला लागतं, आणि भ्यालेलं कुत्रं म्हाताऱ्या माणसाच्या घरात जास्त धोक्याचं. शिवाय तिचा गुन्हा तरी काय होता? लांडग्याची पिल्लं बाहेरून आलेल्या मोठ्यांच्या तोंडाला तोंड लावतात, ओठ चाटतात, म्हणजे मोठे पोटातलं अन्न त्यांच्यासाठी बाहेर काढतात. कुत्र्यात ती सवय भेटीचा रिवाज म्हणून उरली आहे. आपलं तोंड वर असतं, म्हणून ते उडी मारतं. हरणी घरी आलेल्या माणसाचं स्वागतच करत होती. तिला स्वागताची दुसरी रीत द्यायची होती.

आधी पळणं. मामांचं ऐकून ह्यांनी तिला रोज उजाडायच्या आत घरामागच्या मोकळ्या पटांगणावर न्यायला सुरुवात केली. ती चार-दोन फेऱ्या अशा मारायची की धूळ खाली बसेपर्यंत ही परत पायाशी. कारवानी दिवसभर पळत नाही. तेवढं जीव तोडून पळणं मिळालं की ती गोधडीवर अंग टाकून दुपारपर्यंत झोपते. निम्म्या उड्या तिथंच कमी झाल्या.

उरलेल्या निम्म्यांसाठी घरातल्या माणसांना शिकावं लागलं. तिनं उडी मारली की आपण "ए, खाली!" म्हणून ओरडतो आणि दोन्ही हातांनी तिला ढकलतो. तिच्या लेखी हा खेळच. आवाज मिळाला, हात लागला, नजर मिळाली. जे हवं होतं ते सगळं मिळालं. म्हणून ठरवलं, की उडी मारली तर हात छातीशी घ्यायचे, पाठ करायची, तिच्याकडे बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच वाकून हनुवटीखाली हात फिरवायचा आणि जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा द्यायचा. तोही हातातून वर धरून नाही, तिच्या पायाशी फरशीवर टाकायचा. मग तोंड आपोआप खाली जातं. दाराशी खुंटीला भाकरीच्या तुकड्यांचा डबा कायम टांगलेला असायचा.

सुरुवातीला ती आणखी उड्या मारायला लागली. भुंकली, पदर ओढला, पाठीवर पंजे टाकले. बऱ्याच घरांतून इथंच हात टेकतात. नेहमीचा मार्ग बंद झाला की जनावर आधी जोर वाढवतं आणि मगच सोडून देतं. त्या जोराला एकदा जरी दाद दिली, तर त्याला एवढंच कळतं की उडी अजून उंच मारायला हवी.

खरा त्रास पाहुण्यांचा. "असू दे हो, प्रेमळ आहे," म्हणत जो तो तिचे पंजे हातात घ्यायचा. घरातल्या पाचांनी पाळलेलं एकानं मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. गौरी-गणपतीत हळदीकुंकवाला बायकांची रीघ लागायची, तेव्हा मी हरणीला ओसरीच्या खांबाला लांब पट्ट्यानं बांधलं आणि येणारीला पट्ट्याच्या टप्प्याबाहेर थांबायला सांगितलं. ती बसली की पाहुणीनं एक पाऊल पुढं यायचं, उठली की मागं सरायचं. जरीच्या साडीतल्या बायका एका कुत्रीसाठी असं पुढं-मागं करत राहिल्या. मला त्यांचं आजही अप्रूप वाटतं. गौरी गेल्या तोवर फाटक वाजलं की हरणी शेपटी फरशीवर आपटत बसून राहायला लागली होती.

आत्यांशी तिचं वेगळंच जमलं. त्या खुर्चीत बसून "बस गं बाई" म्हणायच्या आणि मांडीवरच्या वाटीतून चिरमुरे खाली टाकायच्या. पुढं चिरमुऱ्यांचीही गरज उरली नाही. हरणी हळूच येऊन त्यांच्या गुडघ्याला अंग टेकून उभी राहायची. तिच्या अंगाला आधार देत असल्यासारखा त्यांचा हात पाठीवर असायचा. त्या वॉकर घेऊन निघाल्या की ती मागून, त्यांच्याच चालीनं चालायची.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. बोट आली तेव्हा बोटीतली माणसं कुत्रं घ्यायला तयार नव्हती. त्यांना दोष देता येणार नाही. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी ताजी होती, आणि कंबरभर उंचीचं कुत्रं बोटीत उसळलं तर काय होईल हे त्यांना कळत होतं. आत्यांना आधी बोटीत बसवलं. त्यांनीच तिथून हाक मारली, "हरणे, बस." हरणी जिन्याच्या पायरीवर, पाण्याच्या काठाशी, बसली. बोटवाल्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "घ्या तिला." ह्यांनी तिला उचलून बोटीत ठेवलं. बोट काठाला लागेपर्यंत ती आत्यांच्या पायांत बसून होती. अंग थरथरत होतं, पण उठली नाही.

पुढं नातलगांच्या घरात आम्ही कितीतरी माणसं दाटीवाटीनं राहिलो. रांगती पोरं होती, आजारी माणसं होती. हरणीनं कुणालाही पाडलं नाही.

पुरानंतर दोन वर्षांनी आत्या गेल्या. त्यांच्या खुर्चीशी ती बरेच दिवस जाऊन उभी राहायची, मग ते थांबलं. म्हातारपणी तिचे ते मागचे पायच आधी थकले. गुळगुळीत फरशीवर ते फाकायचे, म्हणून घरभर सतरंज्या अंथरल्या. शेवटच्या हिवाळ्यात तिला उठवेना. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, आणि त्याच आठवड्यात ती झोपेत गेली.

पटांगणावर आता इमारती उभ्या राहिल्या आहेत, म्हणून आम्ही दुसरं कारवानी आणलं नाही. मामांकडे अजून पिल्लं असतात आणि लोक माझ्याकडे चौकशी करतात. त्यांना मी दोन गोष्टी विचारते. रोज पळवायला मोकळी जागा आहे का? आणि घरातली सगळी माणसं, आल्या-गेल्यासकट, एकाच रीतीनं वागतील का? दोन्हीला "हो" म्हणता येत असेल तर पिल्लू जरूर आणा, आणि ते हातभर असतानाच त्याला खाली बसून भेटायला शिकवा.