पीण्यातली थंडी आणि झोपलेला मोगरा

डिसेंबरमध्ये सकाळी सातला मेट्रोच्या पीण्या इंडस्ट्री स्टेशनवर उभं राहून बघा. खाली धुक्यात पत्र्याची छपरं, ट्रकांची रांग आणि कुठूनतरी येणारा लेथ मशीनचा आवाज. 1970च्या दशकात वसलेली ही वसाहत आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. इथं कसली बाग, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कारखान्यांमागच्या गल्ल्यांत शिरलात, की प्रत्येक गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या दिसतात आणि त्यांत तुळस, जास्वंद, कोरफड. (केमिकलचे कॅन मात्र कुंडीसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाले तरी.)

माझ्या गच्चीवर मोगऱ्याची दोन रोपं होती. आईनं निफाडहून दिलेली, बसमध्ये मांडीवर धरून आणलेली. पहिल्याच हिवाळ्यात दोन्हींची पानं पिवळी पडून गळायला लागली. निफाडला थंडी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पारा कधी 5 अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, अंगणातली रोपं गोणपाटानं झाकतात. तेच मी इथं केलं. एका रोपावर प्लास्टिक गुंडाळलं आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. दुसरं रोप कोपऱ्यात होतं, त्याच्याकडे दुर्लक्षच झालं.

लाड केलेलं रोप मेलं. उपटलं तेव्हा मुळं काळी, गिळगिळीत झाली होती.

चूक कुठं झाली? बेंगळुरूत दव गोठत नाही. जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण 15-16 अंश असतं. इथला आजवरचा नीचांक 7.8 अंश आहे, तोही 1884च्या जानेवारीतला. इथं झाड गारठून मरत नाही, ओल्या मातीत कुजून मरतं. ऊन कमी, वाढ मंदावलेली, त्यामुळे पाणी मातीतच साचून राहतं.

दुसरं रोप नुसत्या काड्या होऊन उभं होतं. ते टाकायला निघाले, तर शेजारच्या अज्जींनी अडवलं. काडीवर नखानं जरासं खरवडलं. साल आतून हिरवी! “मल्लिगे मलगिदे,” म्हणाल्या. मोगरा झोपलाय.

त्यांनी शिकवलेलं तुम्हालाही सांगते. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. कुंडी थेट फरशीवर नको, दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. हिवाळाभर खत बंद. इथं पानांवर धूळ फार बसते, ती आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. पुसताना पानामागचा पिठ्या ढेकूणही दिसतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. आणि हळदीची पानं वाळली तर कुंडी रिकामी करू नका, गड्डा आत जिवंत असतो.

छाटणी संक्रांतीनंतर. अज्जींसमोर मी घाबरत घाबरत शेंडे कापले. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि आणखी वीतभर खाली कापलं. माझा जीव गेला!

मार्चअखेर पहिली कळी आली. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “दुसरं कुठंय?”